वर्षाच्या आतलं स्थळ

पुणे
१२ जून २०२५

ती. स्व. काकांस,
आरतीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तर बरं आहे म्हणून ठेवून देता. आई म्हणाली, त्यांना पत्र लिही, सरकारी नोकरीत जन्म गेला, पत्राला उत्तर दिल्याशिवाय राहवणार नाही. म्हणून लिहिते आहे.

काम असं आहे. दहावीनंतर मुलं नक्की कुठे जातात, कॉलेजात किती टिकतात, कामाला कधी लागतात, असा एक अभ्यास आमच्या संस्थेने घेतला आहे. त्यात जुन्नर-आंबेगावच्या काही शाळा आहेत. मी मुद्दाम मावशीची शाळा आणि तिची शेवटची तुकडी मागून घेतली. करोनात परीक्षा न देता पास झाली, ती २०२१ ची. आमचा माणूस घरी गेला की लोकांना तो कसल्यातरी योजनेचा वाटतो आणि ते आधार कार्ड घेऊन पुढे बसतात. तुम्हाला मात्र बेल्ह्याच्या बाजूला सगळे मॅडमचे मालक म्हणून ओळखतात. तुम्ही घरोघर जाऊन विचाराल का?

प्रश्नांचा नमुना सोबत आहे. शिक्षण कुठवर, सध्या काय चालू, पगार असल्यास किती, घरची शेती, पुढचा विचार. बस्स. तुमचं नारायणगावचं घर बंद करून थोडं बाहेर पडणं होईल, हा माझा स्वार्थ. तो अभ्यासात धरू नका.

आईचा नमस्कार. उत्तर लांबलं तरी चालेल, पण माया आखडती घेऊ नका.

तुमची,
आरती


नारायणगाव
५ जुलै २०२५

चि. आरती हीस,
अ. उ. आ.

पत्र मिळाले. सांगितलेले काम केले आहे. भरलेले नमुने कुरिअरने वेगळे पाठवले आहेत.

सुरुवातीला सोमवारी बेल्ह्याच्या बैलबाजारात उभा राहिलो. बरेच पालक तिथेच भेटले. पण उभ्याने सांगायला कोणी तयार होईना. प्रत्येकाचे एकच, घरी या, मग बोलू. त्यामुळे घरोघर गेलो.

निकाल समाधानकारक आहे. मुले बहुतेक चाकणला कंपनीत पर्मनंट आहेत. एक भीमाशंकरला हॉटेलात मॅनेजर आहे. मुली पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत किंवा पदवीधर आहेत, आणि सर्वांना स्वयंपाक येतो. एकही मूल वाया गेलेले नाही. तुझ्या मावशीला हे ऐकून बरे वाटले असते.

लोक पाहुणचार फार करतात. जाईन तिथे पोहे झाले. एका घरी आईने मुलीला ओसरीवरून आत आणि आतून ओसरीवर बऱ्याचदा पाठवले. काहीतरी आणायला सांगत होती, ते काही आले नाही. तुझ्या नमुन्यात उंचीचा रकाना नाही, तरी काही घरांनी मुलीची उंची सांगितली. ती मी समासात लिहिली आहे. स्वराजची उंची मला विचारली. स्वतःच्या मुलाची, पण नीट सांगता आली नाही.

बेल्ह्याच्या अलीकडच्या वाडीत दादाभाऊंची रुपाली आहे. बारावीनंतर दोन वर्षे इथे नारायणगावात एका मेडिकल दुकानात कामाला होती. यंदा पुण्यात नर्सिंगच्या पदवीला तिचा नंबर लागला आहे. मुलगी बोलायला नीट वाटली. दादाभाऊंनी स्वराजचा फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, असे विचारले, मग आमच्या घरात आता बाईमाणूस नाही हे खरे का, असे विचारले. पुढेही ते बरेच बोलले. मी गप्प बसून राहिलो. उजेड असेपर्यंत जीप मिळाली.

तुझ्या आईस नमस्कार. प्रकृतीस जपावे आणि आमची चौकशी अशीच ठेवावी.

सयाजी


पुणे
१४ जुलै २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

नमुने मिळाले. ऑफिसात उघडले आणि उंचीचा समास पाहून मला बाहेर जाऊन हसावं लागलं. रागावू नका. आता मी सांगते ते शांतपणे वाचा.

मावशीला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. घरात लग्नाचा मुलगा आहे. आपल्याकडे मयत झाली की वर्षाच्या आत कार्य उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात, हे तुम्हाला मी सांगायचं का? अशा वेळी तुम्ही टोपी घालून घरोघर जाता, मुलीचं शिक्षण विचारता, शेती विचारता, पुढचा विचार विचारता आणि पोहे खाऊन लिहून घेता. काका, त्या सगळ्या घरांनी तुम्हाला स्वराजसाठी मुली बघताना पाहिलं आहे. आणि मुलांच्या घरी त्यांना वाटलं असणार की कुणा मुलीकडच्यांनी मध्यस्थ धाडला. म्हणून तर चाकणला सगळे पर्मनंट. चाकणला इतके पर्मनंट आहेत हे चाकणला माहीत नसेल.

चूक माझी आहे. प्रश्न मी लिहिले. स्थळ बघायला जाणारा माणूस नेमके हेच विचारतो, हे पुण्यात बसून माझ्या लक्षात आलं नाही.

आता दोन गोष्टी करा. घरी न जाता मुलांनाच गाठा, टोमॅटोच्या मार्केटात, स्टँडवर, कामाच्या ठिकाणी. आणि जिथे जिथे गेलात तिथे निरोप द्या की हे स्थळ नव्हतं. दादाभाऊंकडे आधी. तुम्ही गप्प बसलात असं लिहिलं आहे, त्याची मला भीती वाटते.

हसले म्हणून मन आंबट करू नका. तुमच्या मायेवर माझा हक्क आहे तेवढा राहू द्या.

तुमची,
आरती


मु. वाडी, बेल्ह्याजवळ
२४ जुलै २०२५

रा. रा. सयाजीभाऊ यांस,
दादाभाऊचा स. न. वि. वि. आणि रामराम.

पत्र लिवण्यास कारण की तुमचा फोन लागत न्हाई, आणि असली बोलणी फोनवर बरी बी न्हाईत.

तुमी येऊन गेल्यापासून घरात दुसरा इषय नाय. आमची आई गोजरबाई हिनं तर तुमाला मानलंच. म्हणती, माणूस लई सभ्य, उंची सांगितली ती बी लिवून घेतली, पर देण्याघेण्याचा सबुद तोंडातनं काढला न्हाई. आमचे चुलते चिमाजीतात्या म्हणले, मॅडमच्या घरात पोरगी पडली तर आजून काय पायजे. तुमाला इतकं सगळं बोललो, तुमी कशालाच नाय म्हणला न्हाईत. तवा आमी व्हय समजलो.

तुळशीचं लगीन झालं की पयला मुहूर्त धरू. म्हंजे तुमचं वर्स बी भरत न्हाई आणि आमचा बी द्राक्षाचा हंगाम आडवा येत न्हाई. रुपालीचा नर्शिंगला नंबर लागला व्हता, त्ये आता कशाला? लग्न झाल्यावर जावयबापू म्हणतील तसं. आठ ऑगस्टला प्रवेशाची मुदत सरती, ती सरू दिली की प्रश्न मिटला. पोरगी जरा फुगून बसलीया. तिची आई बी लग्नाआधी अशीच फुगली व्हती, आता बगा, मला बोलू देत न्हाई.

तीन तारखेला रविवारी जेवाया या. पुढचं तवाच ठरवू. श्रावण हाय, तुमचं वर्स हाय, तवा साधंच जेवाण. समद्यांचा रामराम. पाव्हणं झालाच हाय, आता परकं वागू नका.

आपला,
दादाभाऊ


नारायणगाव
२८ जुलै २०२५

चि. आरती हीस,
अ. उ. आ.

दादाभाऊंच्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे. वाचून परिस्थिती कळेल.

तुझे पत्र आल्यावर बाकी घरी निरोप दिले. लोक हसले, एकदोघे रुसले. दादाभाऊंकडे निरोप देण्याआधी त्यांचे पत्र आले. तिथे सरळ नाही म्हणण्यात अडचण आहे. गावात असे होईल की मॅडमचे मालक बघून गेले, जेवायला बोलावले, आणि मग सोडली. एकदा असे नाव झाले की ते मुलीला चिकटते. अभ्यास चालू होता म्हटले तरी कोणाला पटणार नाही. हो म्हटले तर तिचे कॉलेज गेले. मुदत आठ तारखेची आहे.

आणखी एक लिहितो. पत्र आल्यावर मी दोन दिवस काहीही केले नाही. त्यांच्या घरी मी माझा चष्मा खिडकीच्या कडेला ठेवला होता. ती मुलगी चहा देऊन परत जाताना थांबली, पडेल म्हणाली, आणि तो उचलून माझ्या हातात दिला. घरी असे कोणी सांगणारे आता नाही. दोन दिवस मनात ते होते. तेवढेच.

स्वराजला फोनवर सांगितले. तो म्हणाला, बाबा, हे काय करून बसलात. थोड्या वेळाने विचारले की मुलगी दिसायला कशी आहे. मी विषय बदलला.

तुला काही सुचत असल्यास कळव. आमच्याविषयी मनात किंतु नसावा.

सयाजी


पुणे
३१ जुलै २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

नमुन्यावर रुपालीचा फोन नंबर होता. मी तिच्याशी बोलले. हे पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे.

ती रडली वगैरे नाही. म्हणाली, ताई, तुमचा भाऊ फोटोत बरा दिसतो, त्याच्यावर माझा राग नाही, पण नवरा पुढेही मिळेल, नर्सिंगचा नंबर परत लागायचा नाही. मेडिकलमध्ये शेठ जेवायला गेले की ती काउंटरखाली पुस्तक उघडायची. दोनदा परीक्षा दिली तेव्हा हा नंबर आला.

मी विचारलं, बाबांशी भांडत का नाहीस? ती म्हणाली, दहावीनंतर बाबा शाळा थांबवणार होते, तेव्हा मॅडम स्वतः घरी येऊन त्यांच्याशी दुपारभर वाद घालून गेल्या. त्याच घरातलं स्थळ आलं आहे. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. मॅडमच्या घराला नाही कसं म्हणू?

काका, म्हणजे हे तुम्हालाच मोडायला हवं, आणि तिला डाग न लागता. संस्थेच्या कागदावर खुलासा लिहून देऊ का, असा विचार केला, पण छापील कागद पाहून दादाभाऊ काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. मी स्वतः आले तर तुमच्याच घरच्या बाईने मोडता घातला असं होईल. मला खरंच काही सुचत नाही. एवढंच सांगते, रविवारी तिथे गप्प बसू नका.

काळजी घ्या. मी कितीही हक्काने बोलले तरी तुमच्या धाकातलीच आहे, तशीच ठेवा.

तुमची,
आरती


नारायणगाव
१२ ऑगस्ट २०२५

चि. आरती हीस,
अ. उ. आ.

रुपालीचा प्रवेश झाला. मुदतीच्या आदल्या दिवशी दादाभाऊ स्वतः तिला घेऊन पुण्याला जाऊन आले. कसे झाले ते लिहितो.

रविवारी जेवण झाले. ओसरीवर सगळे बसले. चिमाजीतात्या सुपारी कातरत होते. दादाभाऊंनी मुहूर्ताचा विषय काढला. मी म्हणालो, त्याआधी तुमचे देवक सांगा. ते म्हणाले, वासनीचा वेल. मी म्हणालो, मग हे जमणार नाही, आमचेही तेच.

तुला माहीतच आहे की आमचे देवक पाच पालवी आहे. कुळाचे देवक एक निघाले की मुलगा-मुलगी बहीणभाऊ ठरतात. त्यात कोणी कोणाला नाकारत नाही आणि कोणाचे नाव जात नाही. मला दुसरा मार्ग दिसला नाही.

एक गोष्ट मी विचारात घेतली नव्हती. चिमाजीतात्या माझ्या लग्नाला होते. मांडवाच्या मेढीला आमच्या पाच पालवी त्यांनीच बांधल्या होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मग दादाभाऊंना म्हणाले, वेलच. मेढीला म्या बांधलाय. आणि त्यांच्यावरच घसरले की आधी देवक इचारायचं सोडून जेवणावळी घालत बसलास, तुझी अक्कल काय बैलाबरोबर बाजारात इकलीस का. गोजरबाईंनी कानाला हात लावले आणि देवानेच वाचवले म्हणाल्या. आतल्या खोलीत भांडी घासण्याचा आवाज चालू होता तो मध्येच थांबला होता. तो परत सुरू झाला.

दादाभाऊ शेवटी म्हणाले, आता घरी बसवून तरी काय करायची, जाऊ द्या कॉलेजला.

तात्या जीपपर्यंत सोडायला आले. वाटेत एवढेच म्हणाले की स्वराजच्या लग्नाला मला बोलवू नका पावणं, तुमी मेढीला काय बांधता ते मला बगायला नको.

पुढचे मला अपेक्षित नव्हते. गोजरबाईंनी असे धरले की देवक एक म्हणजे भाऊकी. राखीपौर्णिमेला स्वराजला रुपालीची राखी कुरिअरने गेली. हे काय, म्हणून त्याचा फोन आला. मी म्हणालो, बांधून घे.

आणि परवा रविवारी सकाळी त्यांच्या घरातल्या बायका जीप करून इथे आल्या. भाऊकीत मयत झाली आणि आपण ना सुतकाची अंघोळ केली, ना दुःखाच्या घरी द्यायचा कडू घास दिला, याची गोजरबाईंना टोचणी लागली होती. त्या दारातूनच गळा काढून आत आल्या. तुझी मावशी दवाखान्यातच गेली, तिथून सगळे पटापट झाले, तेव्हा इथे मोठ्याने असे कोणी रडले नव्हते. गोजरबाई तिला माझ्या लेकी म्हणत होत्या. त्यांनी तिला शाळेच्या कामापुरतेच पाहिलेले. पण रडणे खरे होते. ते मला कळले.

देवक खोटे सांगितले असे मी म्हणालो असतो तर त्या उठून गेल्या असत्या. मी म्हणालो नाही. त्यांच्याजवळ जाऊन बसलो. नंतरचे लिहीत नाही. रुपालीच्या आईने पाण्याचा तांब्या आणून दिला.

त्यांनी इथेच पिठले-भाकरी केली. पीठ, हळद, मोहरी कुठल्या डब्यात आहे ते मला सांगता आले नाही. त्यांनी सगळे डबे उघडले. मग मला पाटावर बसवून टॉवेल-टोपी दिली आणि दुखवटा काढला. मी जेवलो.

मुलांची माहिती मुलांकडून घेणे चालू आहे. महिनाअखेर पाठवतो. आशीर्वाद आहेतच, तुझ्याकडूनही विसर न पडावा.

सयाजी


पुणे
८ सप्टेंबर २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं आधीचं पत्र मी दोनदा वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. आई उठून देवापुढे जाऊन बसली.

दुसऱ्यांदा पाठवलेली माहिती मिळाली. आता ती खऱ्या माणसांची वाटते. चाकणचे पर्मनंट कंत्राटावर आहेत आणि कंपनीने कामात ब्रेक दिला की टोमॅटोच्या क्रेट उचलायला परत येतात. भीमाशंकरचा मॅनेजर लॉजवर चादरी बदलतो, आणि घरच्यांनी सांगितलेल्या मॅनेजरपेक्षा खूश आहे. पदवीधर मुलींपैकी तिघींनी अकरावीतच शाळा सोडली, कारण एसटीची वेळ बदलली. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या सरांनी विचारलं, ही माहिती कोणी गोळा केली? मी म्हटलं, काकांनी, आणि पुढे काही सांगितलं नाही.

आता माझं ऐका. दिवाळी तुम्ही त्या घरात एकट्याने काढायची नाही. स्वराजलाही सांगितलं आहे. आमच्याकडे यायचं. फराळाचा आग्रह करणार नाही, वर्ष आहे ते माहीत आहे. नुसते या.

वाट पाहते. नाही म्हणायचं असेल तर ते तरी लांबलचक लिहा, तेवढीच तुमची सोबत.

तुमची,
आरती


नारायणगाव
२८ सप्टेंबर २०२५

चि. आरती हीस,
अ. उ. आ.

दिवाळीला तुमच्याकडे येणे जमणार नाही. कारण लिहितो.

रुपालीला होस्टेलवर सोडायला दादाभाऊंबरोबर मी गेलो होतो. पालक म्हणून सही मी करावी असा त्यांचा आग्रह पडला. कचेरीतली माणसं तुमाला जमतात, मला बगून ती दार लावून घेत्यात, असे म्हणाले. होस्टेलच्या रेक्टरबाईंनी नाते विचारले. दादाभाऊंनी माझ्याआधीच चुलते म्हणून सांगून टाकले. रुपाली शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मग छताकडे पाहू लागली. बहुधा तात्या तिच्याशी बोलले असावेत. खोलीकडे जाताना तिने वाकून नमस्कार केला आणि काका म्हणाली. तिची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीला जाळी आहे. पाणी चोवीस तास असते असे सांगतात.

होस्टेलचा नियम असा की सुट्टीत मुलीला न्यायला सही करणारा माणूसच लागतो. तेव्हा दिवाळीला तिला आणायला मला जावे लागेल. तिला वाडीवर पोचवायचे आहे.

मी गोजरबाईंना म्हणालो होतो की पोचवून लगेच परतेन, कारण यंदा आमची दिवाळी नाही. त्या म्हणाल्या, भाऊकीत मयत झाली म्हंजे आमची बी नाय. कंदील लावायचा नाय, गोडाचं तळायचं नाय, आसं म्या समद्यांला सांगून ठेवलंय. समदी मिळून गप बसू.

त्या घरात रुपालीची धाकटी भावंडे आहेत. माझ्या एका शब्दामुळे त्यांची दिवाळी बंद झाली आहे आणि त्यांना कारण खरे वाटते. हे मला बरे वाटेना. शब्द मागे घेता येत नाही. पण ज्याच्या घरी मयत झाली त्याने सांगितले तर भाऊकीला सण करता येतो, अशीही रीत आहे, आणि सांगण्याचा मान आता माझा आहे.

म्हणून काल नारायणगावच्या बाजारात गेलो होतो. अजून आकाशकंदील फारसे आलेले नाहीत. एका दुकानदाराने गेल्या वर्षीचा माळ्यावरून काढून दिला. पिवळा आहे, एका बाजूला थोडा चेपला आहे, पण दिवा लागतो. तो मी त्यांच्या ओसरीवर स्वतः टांगणार आहे.

स्वराज परस्पर वाडीवर येतो म्हणाला आहे. तुलाही यायचे असल्यास बेल्ह्यापर्यंत एसटी आहे, पुढे जीप मिळते. तुझ्या आईलाही आण. तिथे कोणी काही विचारले तर तुम्ही माझ्या पाहुण्या आहात एवढेच सांगावे, आणि पोहे पुढे आले तर खावेत.

बाकी ठीक. आमच्यावरचा जीव आहे तसाच असू द्यावा.

सयाजी